तापीचे पाणी आणि लिंबायतची खाडी

गंगा स्नानाने पावन करते, नर्मदा दर्शनाने पावन करते आणि तापी नुसत्या स्मरणाने पावन करते, अशी श्रद्धा खानदेशात व दक्षिण गुजरातेत फार पूर्वीपासून चालत आलेली आहे. तिन्ही नद्यांत तापीचे औदार्य सर्वांत मोठे म्हटले पाहिजे. कारण तिच्या भक्ताला घराचा उंबरठादेखील ओलांडावा लागत नाही. परंतु या औदार्यानेच तिची थोडी हानी केली असावी. ज्या नदीचे केवळ स्मरण पुरेसे होते, तिच्या काठी उतरून पाण्याचा रंग पाहण्याची निकड सहसा कोणास वाटत नाही. नदी पवित्र असणे आणि नदीचे पाणी स्वच्छ असणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे आपल्या समाजाने मनोमन धरून ठेवले. त्या दोन्ही भिन्न आहेत, हे शिकण्यास सुरत शहराला फार मोठी किंमत मोजावी लागली. त्या शिक्षणाचा इतिहास मराठी माणसाला परका नाही; कारण तो ज्या वस्त्यांत घडला, त्यांत लिंबायतसारख्या मराठीभाषी वस्त्या आहेत.

तापी ही सूर्याची कन्या. महाभारताच्या आदिपर्वात तपतीची कथा येते. संवरण राजाशी तिचा विवाह झाला व त्यांचा पुत्र कुरू हा कौरव-पांडवांचा पूर्वज ठरला. म्हणूनच त्या कथेतील गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ असे संबोधितो. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, मुलताई येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर तिचा उगम मानला जातो. तेथून ७२४ किलोमीटर वाहत ती सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे धावत असता नर्मदा आणि तापी या दोघी मात्र पश्चिमेची वाट धरतात. तापीच्या सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात मोडतो. सुरत ही तिची नगरी खरी; परंतु तिचे माहेर, आजोळ व बहुतेक गणगोत खानदेश-वऱ्हाडातले आहे.

काठावरची क्षेत्रे पाहिली म्हणजे हे नाते अधिक स्पष्ट होते. पूर्णेचा संगम होतो तेथे चांगदेवाचे स्थान आहे. पांझरा येऊन मिळते तेथे मुडावदचे कपिलेश्वराचे मंदिर आहे. गोमाईच्या संगमावरील प्रकाशे हे गाव तर ‘दक्षिण काशी’ म्हणूनच ओळखले जाते. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा व तिच्यातील घोड्यांचा बाजार याच नदीच्या तीरावर भरतो. आणि प्रवासाच्या अखेरीस सुरतेचा अश्विनीकुमार घाट लागतो. कर्णाचे दहन येथेच झाले, अशी लोककथा असून तीन पानांचा वड त्याची साक्ष म्हणून दाखविला जातो. आषाढ शुद्ध सप्तमी हा तापीचा जन्मदिवस मानतात. त्या दिवशी सुरतेस नदीची पूजा होते व भाविक तिला चुंदडी अर्पण करतात.

या नदीच्या वरच्या अंगाची माणसे तिच्या मुखापाशी कशी येऊन पोहोचली, तो इतिहास रेल्वेपासून सुरू होतो. १९०० साली तापी खोऱ्यातील लोहमार्ग सुरतेहून खानदेशापर्यंत खुला झाला. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी त्याची वाट आहे. आरंभी त्या वाटेने कापूस खाली उतरला. पुढे माणसे उतरू लागली. स्वातंत्र्योत्तर काळात सुरतेच्या जरीकामाच्या व विणकामाच्या जुन्या धंद्यास कृत्रिम धाग्याची आणि यंत्रमागाची जोड मिळाली. रंगाई-छपाईच्या गिरण्या उभ्या राहिल्या. कोरडवाहू शेतीचा भरवसा उरला नाही तेव्हा जळगाव, धुळे व नंदुरबार या भागांतील तरुण गाडीत बसले आणि उधन्याच्या स्थानकावर उतरले. स्थानकाच्या आसपास उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा या वस्त्या वाढत गेल्या. आजही लिंबायतच्या गल्लीत अहिराणी ऐकू येते. महापालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचे वर्ग चालतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते, रोटांचा नैवेद्य होतो व सोमवारी सकाळी वाजतगाजत तिची मिरवणूक पाण्याच्या काठाकडे निघते.

या वाढीचा वेग आकड्यांवरून कळतो. १९६१ साली सुरतेची लोकसंख्या तीन लाखांच्याही आत होती. १९९१ साली ती सुमारे पंधरा लाख झाली. २०११ च्या शिरगणतीत ती ४४ लाखांच्या पुढे गेली. पन्नास वर्षांत पंधरापट वाढणाऱ्या शहरात घरे आधी उभी राहतात, रस्ता नंतर येतो आणि गटार सर्वांत शेवटी येते. मधल्या काळात सांडपाणी उताराची वाट धरते. लिंबायतच्या वस्तीस ती वाट सापडली मिठी खाडीत. खाडीकाठची जमीन सखल, पुराची व दुर्गंधीची. म्हणूनच ती स्वस्त होती, आणि स्वस्त होती म्हणूनच नवागतास परवडली.

सुरतेचे नदीशी असलेले नाते मुळात व्यापाराचे. मोगल काळात हजच्या यात्रेची जहाजे येथून सुटत. इंग्रजांचे ‘हेक्टर’ जहाज १६०८ साली याच नदीच्या मुखाबाहेर सुवाळीच्या बंदरी येऊन लागले. शिवछत्रपतींनी १६६४ व १६७० साली ज्या नगरीची संपत्ती स्वराज्याच्या कामी आणली, ती नगरी तापीच्या पाण्यावरच श्रीमंत झाली होती. परंतु नदीच्या मुखाशी गाळ साचत गेला, मोठी जहाजे आत येईनाशी झाली, व्यापार मुंबईकडे वळला. १८३७ साली आधी आग व मागोमाग महापूर अशा दोन्ही आपत्ती शहरावर कोसळल्या. १८५२ साली सुरतेस नगरपालिका मिळाली. तिच्यापुढे दोन कामे होती: नदीपासून शहराचे रक्षण करणे आणि नदीतून शहरास पाणी पाजणे. शहरापासून नदीचे रक्षण करणे हे तिसरे कामही आपलेच आहे, याची जाणीव होण्यास आणखी शतकाहून अधिक काळ जावा लागला.

मध्यंतरी नदीचे रूपच पालटले. १९५० च्या दशकात काकरापारचा बंधारा बांधला गेला. १९६८ च्या महापुराने सुरतेस हादरविले, तेव्हा उकाईच्या धरणाचे काम चालू होते. १९७२ साली ते पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाखाली दीडशेहून अधिक गावे गेली व त्याची झळ नवापूरकडील महाराष्ट्राच्या सीमेपर्यंत पोहोचली. खानदेशात हतनूरचे धरण झाले. १९९५ साली सुरतेतच सिंगणपोर येथे नदीवर बंधारा-पूल झाला. त्यामुळे भरतीचे खारे पाणी वर चढण्यास अटकाव होऊन शहराला पिण्याच्या गोड्या पाण्याचा साठा मिळाला. या प्रत्येक कामाचा लाभ झाला, हे निर्विवाद आहे. परंतु त्यांचा एकत्रित परिणाम असा झाला, की जी नदी पूर्वी अखंड वाहत होती, ती वर्षाचा बराच काळ ठिकठिकाणी अडवलेल्या तळ्यांच्या माळेसारखी झाली.

या बदलाचा अर्थ समजण्यास थोडे शास्त्र ध्यानी घ्यावे लागते. वाहते पाणी हवेतील प्राणवायू ओढून घेते. पाण्यातील सूक्ष्म जंतू त्या प्राणवायूच्या साहाय्याने घाण खाऊन टाकतात व नदी आपोआप निवळते. ‘वाहते पाणी निर्मळ’ हा जुन्यांचा अनुभव होता व तो खोटा नव्हता. मात्र त्यास मर्यादा आहे. घाण खाण्यासाठी जंतूंना किती प्राणवायू लागेल, यावरून पाण्याची मलिनता मोजतात. दर लिटरला तीन मिलिग्रॅमपेक्षा ही गरज अधिक असेल, तर ते पाणी सार्वजनिक स्नानास योग्य नाही, असे आपल्या देशातील मानक आहे. घरगुती मैलापाण्यात हाच आकडा दोनशे-तीनशेच्या घरात असतो. शुद्धीकरण केंद्रातून काढून तो तीसवर आणला, की पाणी नदीत सोडण्यास हरकत नाही, असा नियम पुष्कळ काळ होता. तीस आणि तीन यांमधील अंतर नदीने आपल्या प्रवाहाच्या बळावर भरून काढावे, अशी त्यामागील कल्पना. पण प्रवाहच थांबला असेल, तर ते अंतर भरून कोण काढणार? थांबलेल्या पाण्यात मैल्यातील नत्र व स्फुरद साचतात, त्यांवर जलपर्णी पोसते आणि नदीवर हिरवा गालिचा पसरतो. सिंगणपोरच्या बंधाऱ्यामागे सुरतकर वर्षानुवर्षे हेच दृश्य पाहत आलेले आहेत. भाविकाला तो गालिचा प्रसन्न वाटेल; पाण्याच्या अभियंत्याला तो रोगाचे लक्षण वाटतो.

शहराचे डोळे मात्र जलपर्णीने उघडले नाहीत. ते उघडले १९९४ च्या सप्टेंबरात. त्या वर्षी पाऊस फार झाला, तापीस पूर आला, सखल वस्त्यांत पाणी तुंबले, मेलेली जनावरे व कचरा कुजत राहिला. ऑगस्टात महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात ग्रंथिक ज्वराची शंका आली होतीच. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. मृतांची संख्या, पूर्वीच्या साथींच्या मानाने, मोठी नव्हती. भीती मात्र अफाट होती. काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून निघाली. ज्या गाडीने खानदेशी कामगार सुरतेस आला होता, त्याच गाडीने तो बायकापोरांसह गावाकडे परतू लागला, आणि त्याच्या गावी त्याच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. परदेशांनी भारताची विमाने अडविली. एका शहराच्या तुंबलेल्या गटाराचे परिणाम सातासमुद्रापार उमटले.

१९९५ च्या मे महिन्यात एस. आर. राव हे सुरतेचे महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी केलेले काम अद्भुत नव्हते आणि त्यातच त्याचे महत्त्व आहे. शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्यास निर्णयाचा व खर्चाचा अधिकार दिला. अधिकाऱ्यांनी वातानुकूलित खोली सोडून रोज सकाळी आपल्या विभागात फिरावे, असा दंडक घातला. कचरा दररोज उचलला जाऊ लागला. अतिक्रमणे हटविताना सामान्य व वजनदार असा भेद राखला गेला नाही, अशी त्यांची ख्याती झाली. विशेष म्हणजे झोपडपट्ट्यांत फरसबंदी, नळ, शौचालये व गटारे नेण्यात आली. त्यापूर्वी अशा वस्त्या शहराच्या नकाशावर असून नसल्यासारख्या होत्या. १९९६ साली ‘इन्टॅक’ या संस्थेने स्वच्छतेत चंदीगडच्या खालोखाल सुरतेस स्थान दिले. दोन वर्षांपूर्वी जगाने ज्या शहरापासून तोंड फिरविले होते, त्याच शहराचा हा गौरव होता. पुढे २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात सुरतेने इंदूरसह पहिला क्रमांक मिळविला.

या घटनेतून नदीच्या दृष्टीने एक बोध निघतो. रावांच्या काळातील मोहीम नदी शुद्ध करण्याची नव्हतीच. ती गल्ली स्वच्छ करण्याची होती. परंतु गल्लीतील गटार बंदिस्त झाले, मैला नळातून वाहू लागला, तो नळ शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचला, तेवढ्या प्रमाणात पाण्यावरचा भार हलका झाला. नदीच्या काठावर उभे राहून नदी स्वच्छ होत नाही. ती जेथून मलिन होते, तेथे जावे लागते. आणि ते ठिकाण नदीपासून पुष्कळदा मैलोगणती दूर असते.

हेच लंडनने शिकून ठेवले होते. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीची दुर्गंधी इतकी वाढली, की तिच्या काठच्या पार्लमेंटला कामकाज चालविणे कठीण झाले. मग जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याच्या योजनेस पैसा मंजूर झाला. नदीच्या दोन्ही तीरांना समांतर मोठी गटारे बांधून, नदीत पडणारी सांडपाण्याची तोंडे त्यांनी मधल्यामध्ये अडविली व सर्व मैला शहराच्या पूर्वेस, मुखाकडे नेऊन सोडला. लंडनची पटकीची साथ हटली. पण मैला हलविला गेला होता, नाहीसा झाला नव्हता. १८७८ साली त्या मुखांजवळच ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही प्रवासी बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसे दगावली आणि जे पाण्यात पडले, ते कोणत्या पाण्यात पडले, याची चर्चा साऱ्या देशात झाली. १९५७ साली शास्त्रज्ञांनी टेम्सचा तो पट्टा जीवसृष्टीच्या दृष्टीने मृत ठरविला. त्यानंतर शुद्धीकरण केंद्रे सुधारली, तेव्हा कोठे मासे परतले. १९७४ साली तेथे सामन मासा सापडला. घाण अडविणे ही पहिली पायरी, ती शुद्ध करणे ही दुसरी. पहिली चढून जो थांबतो, तो आपली घाण फक्त दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवतो.

भारतात गंगेसाठी १९८६ साली कृती योजना सुरू झाली. त्यानंतर इतर नद्यांच्या योजना आल्या. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा त्याही आधीचा. तापीच्या बाबतीत सुरतेने दुसऱ्या पायरीवरही पाऊल ठेवले, हे मान्य केले पाहिजे. लिंबायतच्या शेजारचे आंजणा केंद्र याचे उदाहरण आहे. मैल्याचा गाळ बंद टाक्यांत कुजला म्हणजे त्यातून जळाऊ वायू निघतो. त्या वायूवर वीज निर्माण करणारा अर्ध्या मेगावॅटचा संच २००३ साली या केंद्रात चालू झाला. ज्या वस्तूकडे पाहून माणूस नाक मुरडतो, तिच्यातून दिवा लागला. पुढे २०१४ साली बमरोली येथे आणखी एक प्रयोग झाला. तेथे दररोज चार कोटी लिटर मैलापाण्यावर तिसऱ्या टप्प्याचे संस्कार करून ते पांडेसरा औद्योगिक वसाहतीतील रंगाई-छपाईच्या कारखान्यांना विकत देण्यात येऊ लागले. कापड रंगविण्यास पिण्याचे पाणी कशास पाहिजे, हा साधा प्रश्न त्यामागे होता. जेवढे पाणी कारखाने असे घेतात, तेवढे ताजे पाणी नदीत राहू शकते. नदीशुद्धीचा हा मार्ग देवळाच्या घाटावरून दिसत नाही, परंतु तो खरा आहे.

तथापि नदीच्या बाबतीत निसर्ग आणि मनुष्य या दोघांचाही हिशेब चालू असतो. २००६ च्या ऑगस्टात उकाईचे धरण भरले आणि नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडावे लागले. शहराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाण्याखाली गेला. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या झोपड्या हलविण्याचा निर्णय झाला. पुष्कळ कुटुंबांना शहराच्या उत्तरेस कोसाड येथील घरकुलांत नेण्यात आले. पक्के घर मिळाले. पण कामाची जागा मैलोगणती दूर पडली. येथे नदीशुद्धीच्या प्रत्येक योजनेस लागू पडणारा एक प्रश्न उभा राहतो. काठ मोकळा करताना काठावरचा गरीबच तेवढा दिसतो. कारण त्याची झोपडी उघड्यावर असते. कारखान्याची नळी मात्र जमिनीखाली असते. नदी मलिन करण्यातील वाटा आणि नदी स्वच्छ करण्याचा भुर्दंड, यांची वाटणी सारखी होत नाही.

आता मिठी खाडीकडे परत आले पाहिजे. लिंबायतच्या या खाडीचे पाणी तापीला मिळतच नाही. तापी शहराच्या उत्तर-पश्चिम अंगाने वळसा घेत जाते. मिठी खाडी व तिच्या बहिणी, कोयली, काकरा इत्यादी, दक्षिण भागातून वाहत मिंढोळा नदीच्या वाटेने समुद्रास मिळतात. म्हणजे तापीच्या पावित्र्याची सीमा जेथे संपते, तेथून लिंबायतच्या खाडीचा प्रदेश सुरू होतो. खाडीचा जन्मदिवस कोणी साजरा करीत नाही. तिला चुंदडी अर्पण होत नाही. तिचा उल्लेख पुराणात नाही. मग तिच्यात पडणाऱ्या घाणीने कोणाची भावना दुखावत नाही, आणि भावना दुखावली नाही, म्हणजे ओरडही होत नाही. ‘मिठी’ म्हणजे गोड. मुंबईतही याच नावाची नदी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नाला म्हणून वागविलेल्या त्या नदीने आपण नदी असल्याचे साऱ्या मुंबईस दाखवून दिले. लिंबायतची मिठीही तेच करीत आली आहे. २०२० च्या ऑगस्टात खाडीचे पाणी लिंबायत, पर्वत पाटिया या भागांतील घरांत शिरले. २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा खाड्यांना पूर आला व काही वस्त्यांतून ते काळे पाणी दिवसेंदिवस हटले नाही. तापीच्या पुराची शहर वाट पाहते, त्याचे आकडे नभोवाणीवर सांगितले जातात. खाडीचा पूर मात्र उंबरठ्यावर येऊन उभा राहीपर्यंत बातमीचा विषय होत नाही.

आणि खाडीतील संकट केवळ पाण्याचे नसते. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून चोरट्या रीतीने रासायनिक द्रव नाल्यात सोडण्यात येत होता. त्यातून विषारी वायू उठला. जवळच्या कापड गिरणीतील सहा कामगार मृत्युमुखी पडले व वीसहून अधिक जण रुग्णालयात गेले. तो नाला पवित्र नव्हता. त्याच्या काठी घाट नव्हता. परंतु त्याच्या काठी माणसे श्वास घेत होती. पाणी पवित्र असो वा नसो, त्यात विष टाकल्याचा परिणाम एकच होतो, याहून अधिक स्पष्ट पुरावा कोणता हवा?

श्रद्धा या कामात केवळ अडसर ठरते, असे समजणेही अन्यायाचे होईल. सुरतेत गणेशोत्सवाचे प्रस्थ मोठे आहे व त्यात उधना-लिंबायतच्या मराठी मंडळींचा वाटा ठळक आहे. पूर्वी मूर्तींचे विसर्जन तापीत होई आणि दुसऱ्या दिवशी काठावर रंग व गाळ उरत असे. गेल्या काही वर्षांत तापीतील विसर्जन बंद करण्यात आले. महापालिका कृत्रिम तलाव खोदते, मोठ्या मूर्ती समुद्राकडे नेल्या जातात. आरंभी कुरकुर झाली, परंतु प्रथा बदलली. देवाची मूर्ती नदीत न सोडणे हाच नदीचा आदर होय, हे लोकांस पटले. ज्या समाजाने आपल्या देवाच्या बाबतीत एवढे पटवून घेतले, त्यास आपल्या गटाराच्या बाबतीत पटवून देणे अशक्य का मानावे?

वास्तविक लिंबायतच्या माणसाइतका या प्रश्नाचा अधिकारी दुसरा कोणी नसेल. त्याच्या गावची तापी वरच्या अंगास आहे. तेथील भुसावळसारख्या गावांचे सांडपाणी नदीत उतरते व तेच पाणी धरणाधरणांतून खाली येते. त्याच्या घराची तापी नळातून येते. त्याच्या घरातून बाहेर पडणारे पाणी मात्र खाडीच्या वाटेने जाते. एकाच माणसाच्या आयुष्यात नदीचे उगमाकडचे, मधले व शेवटचे असे तिन्ही टप्पे सामावले आहेत. नदी ही घाटापुरती नसते, हे त्याला पुस्तकातून शिकण्याचे कारण नाही.

म्हणून तापीच्या त्या जुन्या श्रद्धेचा अर्थ थोडा विस्तारून घेतला तर बरे. स्मरणाने पावन होणे म्हणजे डोळे मिटून नाव घेणे, एवढेच का असावे? आपण पितो ते पाणी कोठून येते आणि सांडतो ते कोठे जाते, या दोन्ही वाटांची आठवण ठेवणे हेही स्मरणच आहे. आषाढ शुद्ध सप्तमीस तापीची पूजा जरूर व्हावी. त्याच दिवशी शहरातील प्रत्येक खाडीच्या पाण्याची तपासणी होऊन तिचे आकडे त्या त्या वस्तीच्या चौकात, मराठीत आणि गुजरातीत, फलकावर लिहिले जावेत. दर वर्षी तोच फलक, तीच खाडी, नवा आकडा. लिंबायतच्या शाळेतील मुलाला तो वाचता येईल आणि मागील वर्षापेक्षा तो घटला की वाढला, हे त्याच्या घरी जाऊन सांगता येईल. सूर्यकन्येच्या वाढदिवसाची याहून योग्य भेट सुचणे कठीण आहे.